भिंतीवरचं तोंड

"आ कर मावशी. अजून. अजून मोठा आ कर, भाकरी खाताना करतेस तसा."

मी केला. जबडा कटकन वाजला. डोळ्यावर दिव्याचा उजेड, पाठीखाली ती गार खुर्ची, पाय वर. जल्मात पयल्यांदा कुठल्या खुर्चीत उतानी पडले हुते. लुगडं घोट्याच्या वर सरकलेलं, ते वडायला हात खाली न्हेला तर सिस्टर म्हनली, "हात हलवू नका."

डाक्टरनं वाकून बघितलं आन् लगीच मागं सरला. तोंडाला मास्क हुता तरी नाकाला मनगाट लावलं. मागं शिकाऊ पोरंपोरी उभी हुती. त्येंना म्हनला, "या, जवळ या सगळे. पुस्तकात असं मिळणार नाही. तोंड आहे का चूल?"

सगळी हसली. त्येंचे पांढरे दात मला खालनं दिसत हुते. डाक्टरनं लोखंडाच्या आकड्यानं माझा गाल वडून धरला आन् एका पोरीला म्हनला, "फोटो घे. डोळे नकोत, फक्त तोंड घे." पोरीनं मोबाईल पुढं केला. दोनदा उजेड पडला. डाक्टर सांगतच हुता, "हे मेंढरंवाले. यांना ब्रश म्हणजे काय ते माहीतच नाही. मिसरी, मिसरी आणि मिसरी."

माझ्या जिभंव लय हुतं बोलायला. पन मानसाला उघड्या तोंडानं बोलता येत न्हाई. हे मला त्या खुर्चीत कळलं.

आन् मी कोन? सासरी पाय ठेवल्यापास्नं मला सगळी तोंडाळ म्हनत्यात. सासू म्हनायची, हिच्या तोंडाला लागू नका गं. बाजारात दलालाला मी गप बसवलंय. बागंत मेंढरं घुसली म्हनून काठी घिऊन आलेल्या बागायतदाराला मी माघारी लावलाय. आन् तितं मी गप. लाळ गालावरनं कानामागं चालली हुती आन् ती पुसायला बी माझा हात न्हवता.

"झालं. उतर."

मी उतरले. म्हनलं, "साहेब, दाढ?"

"आधी मिसरी सोड. मग ये. तसंही एक्स-रेचं मशीन बंद आहे." सिस्टरनं गोळ्यांची पुडी हातात दिली, म्हनली, "मंगळवारी यायचं." मी तोंड धुवायला नळाकडं गेले. काळं पानी पडलं बेसनात. सिस्टर मागनं म्हनली, "बेसिन स्वच्छ करून जा, बाई." मी पदराच्या टोकानं ते बेसन पुसलं. हे मी लय दिस कुनाला सांगितलं न्हाई.

आता खरी गंमत ऐका. त्या दिशी सकाळी मी मिसरी लावली हुती ती डाक्टरसाठनं. रोज एकदा लावते, त्या दिशी तीनदा लावली. आमच्यात दात घासनं म्हंजे मिसरी लावनं. तंबाखू तव्यावर काळी करायची, कुटायची, डबीत भरायची. बोटानं घासली की तोंड सोच्छ, दाढंची ठनक बी कमी. लगीन होऊन आले तवा सासूनंच शिकवलं, तिला तिच्या सासूनं. आजपातूर एकबी मानूस दारात येऊन म्हनला न्हाई की बाई, ह्येनं दात जात्यात. आन् मला वाटलं, मोठ्या दवाखान्यात तोंड दावायचं तर लख्ख करून जावं. पावनं येनार म्हनून घर सारवत्यात तसं मी तोंड सारवून गेले हुते.

आमची वस्ती म्हसवडच्या अल्याड, माळावर. अकरा घरं. समदी मेंढरंवाली. दिवाळी झाली की कळप घिऊन खाली नदीकडं जायचं, वैरन-पान्याच्या मुलखात. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कुलपं लावायची, आन् पावसाळ्याच्या तोंडाला माघारी यायचं. माझ्या उभ्या संसारात मी एकदाबी मागं ऱ्हायले न्हाई. बाळंतीन झाले ती बी पालावरच.

ह्या साली ऱ्हायले. उजव्या बाजूची खालची दाढ. भाद्रपदापास्नं ठनकत हुती, दिवाळीला गाल टोमॅटोगत झाला. भाकरी चावंना. मालक म्हनलं, "तू ऱ्हा. दाढ काढून घे आन् मागनं ये. रानात सूज आली तर तितं कुठला दवाखाना?" खरंच हुतं त्येंचं. पोरगा, सून, नातू, समदी निघाली. मी रस्त्यापातूर गेले. धूळ खाली बसंपातूर उभी ऱ्हायले. मग माघारी आले तर अकरा घरांत मी एकटी, एक लंगडी मेंढी आन् एक म्हातारं कुत्रं.

तालुक्याला सरकारी दवाखाना हाय. तितं दाताची खुर्ची बी हाय. मी बघितलीया. प्लास्टिकात गुंडाळलेली, नवरीगत. इचारलं तर म्हनलं, "दाताचे डॉक्टर नाहीत, बदली झाली. सांगलीला जा." म्हनून एस्टीनं इट्याला, इट्यासनं दुसऱ्या एस्टीनं सांगलीला. दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. नाव सांगून काय उपेग? असं कुठंबी हुईल.

तितनं माघारी येताना एस्टीत खिडकीकडनं बसले. गर्दी हुती पन मी कुनासंगं बोलले न्हाई. तोंडावर पदर धरला हुता. मला म्हसवडचा मेंढरांचा बाजार आठवत हुता. गिऱ्हाईक बकऱ्याचं तोंड उघडून दात बघतंय, दोनदाती हाय का चारदाती. पन त्यो बी मालकाला आदी इचारतो, "बघू का?" आन् मी सोता मेंढराचं तोंड उघडते तवा आदी गळ्याखाली हात फिरवते, च्यक च्यक करते. जनावराला भ्या वाटतंय. मग मला का वाटू नये?

मालकांचा फोन आला. "काय म्हनला डाक्टर?"

"औशद दिलंय. बगू म्हनला."

"बरं झालं." मागं मेंढरांचा आवाज, सुनंचं हसनं. फोन ठेवला. पुढं बोलायचं असतं तर काय बोलले असते? पोरापोरींनी माझ्या तोंडात वाकून बघितलं आन् हसली, असं? पन्नाशीच्या बाईनं आपल्या नवऱ्याला हे फोनवर कसं सांगायचं?

त्या दिशी मी मिसरीची डबी चुलीत उपडी केली. मी हट्टी हाय. सोड म्हनला ना, सोडली. आठ दिस डोकं असं फिरलं की इचारू नका. उगंच कुत्र्याच्या अंगावर धावले. भांडायला वस्तीत मानूस न्हाई, मग पत्र्यासंगं भांडले, वाऱ्यानं वाजतोय म्हनून. गावातनं ब्रश आनला. पयल्या दिशी हिरड्यांतनं रगात आलं तवा लय भ्याले. कुनाला इचारू? लंगड्या मेंढीच्या म्होरं बसले आन् तिला सांगितलं, बाई गं, मी मिसरी सोडली. ती रवंथ करत ऱ्हायली.

एकटं ऱ्हायचं म्हंजे काय, हे मला त्या दोन म्हैन्यांत समजलं. सकाळी उठायचं, चहात भाकरी भिजवून गिळायची, शेनघान काढायचं, मग दुपार. दुपारच जात न्हाई वस्तीवरची. उनात समदी कुलपं चमकत्यात. कुनाच्या दारात जाऊन बसावं तर दारच बंद. मी सुनंच्या लुगड्याची घडी मोडायचे आन् पुन्यांदा घालायचे.

पुन्यांदा गेले सांगलीला. मंगळवारीच गेले, सांगितल्यापरमानं. सिस्टरला म्हनलं, "मिसरी सोडली."

"मग? सोडली म्हणून उपकार केले का आमच्यावर?"

साहेब मीटिंगला गेलं हुतं. तिसऱ्यांदा गेले तर म्हनलं, सुजेवर दाढ काढत नाहीत, सूज उतरल्यावर या. सूज उतरल्यावर चौथ्यांदा गेले. मशीन बंद. दर खेपंला पहाटंला उठून दोन एस्ट्या जायच्या, दोन यायच्या. दाढ माझ्यासंगंच जायची आन् माझ्यासंगंच माघारी यायची.

मग माघात आमच्या गावच्या उपकेंद्रात शिबिर निघालं. दातांचं. आशाताई सोता वस्तीवर आली. आशाताई म्हंजे गावातल्या बायकांची औशदं-गोळ्या बघनारी, आमच्याच भावकीतली, मला काकू म्हनती. "काकू, चला. डाक्टर सांगलीसनं येनार हायत. तुमचं काम हितंच हुईल." मला इतका आनंद झाला की डोईवरनं पानी घेतलं आन् चांगलं लुगडं नेसले. दात ब्रशनं घासले. दाढ निघाली की चौथ्या दिशी मी पालावर असनार, असं मनात धरलं.

उपकेंद्राच्या दारात बायका जमल्या हुत्या. माझ्याकडं बघून एकदम गप झाल्या. मग एक फिसकन हसली. मला वाटलं लुगडं उलटं नेसले का काय. आत गेले.

समोरच्या भिंतीवर फ्लेक्स. दाराएवढा. त्यावर एक तोंड. उघडं, काळं, गाल आकड्यानं वडलेला, जीभ बाहेर आल्यागत. वर मोठ्या अक्षरात, "मिसरी सोडा, दात वाचवा."

डोळं न्हवतं त्यात. नाक अर्धं. पन हनुवटी पुरी हुती. माझ्या हनुवटीवर गोंदन हाय, चार ठिपकं. तीन सरळ रेघंत आन् चवथा खाली घसरलेला. म्हसवडच्या जत्रंत गोंदवून घेताना मी लहानपनी हिसका मारला हुता, तवा सुई सरकली. आई लय रागावली हुती. उभ्या मुलखात असा ठिपका दुसऱ्या कुनाला न्हाई. गावात ज्येला माझं नाव ठावं न्हाई त्येला बी त्यो ठिपका ठावं हाय.

मळ्याच्या वैनीसाब खुर्चीत बसल्या हुत्या. कालव्याखालचा ऊस त्येंचा, पोरगा मिल्ट्रीत मोठा साहेब. त्या म्हनल्या, "बाई, तुमी तर लय मोठ्या झालासा की! तोंडामुळं का हुईना, वस्तीचं नाव झालं." आन् बाजूच्या बाईला, "आमी आपलं सांगलीत विश्रामबागेच्या खाजगी दवाखान्यात दाखवतो बाई, असल्या ठिकानी नको."

मी पदर तोंडावर घेतला. खरं सांगते, पळून जावं वाटलं. दारापातूर गेले बी. पन दारात बायका उभ्या आन् त्येंच्या पल्याड माळ, आन् माळावर अकरा कुलपं. कुठं पळू?

तवर आवाज आला. त्योच आवाज. "तर भगिनींनो." मास्क न्हवता पन आवाज त्योच. त्यानं हातात काठी घेतली आन् माझ्या फोटूतल्या दाढंवर टेकवली. "हे बघा. हे अडाणीपणामुळे होतं. ही बाई वेळेवर डॉक्टरकडे गेली असती, तर ही वेळ आली नसती."

मी दोन पावलावर उभी. त्यानं माझ्याकडं बघितलं, पुन्यांदा भिंतीकडं बघितलं, आन् बोलत ऱ्हायला. मला त्यानं वळखलंच न्हाई. वळखनार कसा? माझं डोळं त्यानं कवा बघितलंच न्हवतं.

माझ्या आत काय झालं ते मला सांगता येत न्हाई. ठनक थांबली. बेसन पुसलेलं आठवलं. मी पुढं झाले.

"डाक्टर, ह्यो फोटू कुनाचा?"

"एका पेशंटचा."

"नाव काय त्या पेशंटचं?"

"नाव सांगत नाही आम्ही, मावशी. ते गुप्त ठेवायचं असतं."

बायका हसल्या. समद्या गावाला ठावं, आन् ह्येचं म्हनं गुप्त. मी पदर खाली घेतला. हनुवटी वर केली.

"बगा."

त्यानं बघितलं. मग भिंतीकडं. मग माझ्याकडं. आशाताईनं माझा दंड धरला, "काकू, बसा की." मी झटकला.

"येळंवर आले न्हाई म्हनता? चारदा आले. मिसरी सोड म्हनला, सोडली. ज्या दाढंवर काठी टेकवली ती बगा हितं हाय, अजून तितंच हाय." मी बोट घालून गाल वडला. माझ्या हातानं. "फोटू काढायला तुमचं मशीन चालू हुतं. दाढ काढायलाच बरं बंद पडलं?"

"हे बघा बाई, हा जनजागृतीचा कार्यक्रम आहे. वाद घालू नका. तपासणीसाठी लाईनीत या."

"हितं दाढ काढता का?"

"इथे कशी काढणार? इथे फक्त तपासणी. टूथपेस्ट मिळेल."

मी भिंतीकडं गेले. फ्लेक्स सुतळीनं चार खिळ्यांना बांधला हुता. गाठी मारन्यात आन् सोडन्यात माझा जल्म गेलाय. स्टूलावर चढले आन् एकेक गाठ सोडली. कुनी हात लावला न्हाई मला. डाक्टर म्हनला, "ती सरकारी मालमत्ता आहे."

"तोंड माझं हाय."

घडी घातली आन् काखंत मारली. मग त्याच्या टेबलापुढं उभी ऱ्हायले. "आता चिठ्ठी लिवा. वार घाला, येळ घाला, सही करा. माझं नाव पुरं लिवा." तो लिहीना. बायका बी आता हसत न्हवत्या. मी हलले न्हाई. शेवटाला त्यानं लिहिलं. नाव इचारावं लागलं त्येला, तवा मी सांगितलं.

तुमाला वाटंल, बायका माझ्या बाजूनं उभ्या ऱ्हायल्या. न्हाई. एकबी न्हाई. टूथपेस्ट घिऊन गेल्या. आशाताई म्हनली, "काकू, तुमचं झालं. माझं काम गेलं तर?" तिचं बी खरं हुतं. वस्तीकडं चालत निघाले तवा रस्त्यानं मी एकटीच हुते.

मालकांना फोन केला. ह्या बारीला समदं सांगितलं, बेसनासकट. ते म्हनलं, "कशाला भांडान काढलंस? ये हिकडं निघून." आन् वर, "फ्लेक्स चांगला जाड हाय का? पालावर टाकायला येईल."

मला हसू आलं आन् त्यातच रडू आलं. वाईट न्हाईत ते. पन त्येंना न्हाई कळलं. कुनालाच न्हाई कळनार, असं वाटलं. मेंढीजवळ बसून मी पोट भरून रडले. इतकी रडले की कुत्रं जवळ आलं.

मग उठले. फ्लेक्स अंगनात पसरला. त्यावर चार दगड ठेवले. मेंढरांच्या पाठीवर निशानी करायचा लाल रंग घरात हुता, त्यो कालवला. मी चौथी शिकलेली. अक्षर वाकडं हाय पन वाचता येतं. "मिसरी सोडा" च्या खाली, हनुवटीच्या खाली, मी माझं नाव लिवलं. सोताचं, नवऱ्याचं, आडनाव, गाव. त्याच्या खाली लिवलं, "हिनं मिसरी सोडली. दाढ अजून काढली न्हाई." आन् त्याच्या खाली जागा सोडली. तितं फुकट गेलेल्या खेपांच्या तारखा.

चिठ्ठीतला मंगळवार आला. गेले. मशीन बंद. चिठ्ठी दावली तर म्हनलं, साहेब रजेवर. मी वाद घातला न्हाई. बाहेर आले आन् दवाखान्याच्या फाटकाला फ्लेक्स बांधला. पयली तारीख लिवली. राखनदार पळत आला, "ए बाई, काढ ते."

"दाढ काढा, मग काढते."

त्यानं माझ्याकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं, आन् साहेबाला सांगायला आत गेला. मी खाली बसले. येनारी-जानारी मानसं थांबून वाचत हुती. लाज वाटत हुती? लय वाटत हुती. पन तोंड झाकलं न्हाई. सांजच्या एस्टीची येळ झाली तवा फ्लेक्स सोडून घडी घातली आन् घरी आले.

आता दर मंगळवारी जाते. तीन तारखा झाल्यात. मळ्याच्या वैनीसाब म्हनत्यात, बाईच्या डोक्यावर परिनाम झाला. मालक म्हनत्यात, शिमगा आला, आता पुरे कर आन् हिकडं ये. दाढ ठनकतीया. उद्या मंगळवार हाय.

माझी दाढ आज ना उद्या निघंल. ती निघाली तरी मी फ्लेक्स घडी घालून ठिवनार न्हाई. तालुक्यातली ती प्लास्टिकात गुंडाळलेली खुर्ची मोकळी हुईपातूर न्हाई. सांगलीचं झालं की त्यो तालुक्याच्या फाटकाला बांधीन. आन् मला पुन्यांदा खुर्चीत झोपवून कुनी "आ कर मावशी" म्हनलं, तर मी दातावर दात ठिवून पडून ऱ्हानार. आदी माझं नाव घ्यायचं. मग माझ्या डोळ्यांकडं बघायचं. मग इचारायचं, बघू का? त्याशिवाय ह्यो जबडा उघडनार न्हाई.